जर्मन शिकण्यासाठी विनामूल्य साधने

प्रश्न (गुहागर): परिचारिका असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला जर्मनीत नोकरीसाठी जर्मन शिकायचे आहे, पुण्यात राहून वर्ग करणे परवडत नाही, तर घरबसल्या विनामूल्य काय मिळेल?

उत्तर (मालवण): डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा चित्रफितींचा अभ्यासक्रम ए१ ते बी१ पातळीपर्यंत (भाषाज्ञानाच्या युरोपीय पातळ्या चढत्या क्रमाने ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा आहेत) विनामूल्य असून, स्वाध्यायही सोबत असल्याने सुरुवात त्यानेच करावी.

उत्तर (रत्नागिरी): सहमत, मात्र परिचारिकेच्या व्यावसायिक मान्यतेसाठी तिथे साधारणतः बी२ पातळी मागतात, म्हणून पुढे जर्मन प्रौढशिक्षण केंद्रांच्या ‘फाऊ-हा-एस लेर्नपोर्टाल’वरील व्यवसायाभिमुख बी२ अभ्यासक्रम घ्यावा. बोलण्याचा सराव, अर्थात, माणसाशीच करावा लागतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे इंटरनेट वारंवार बंद पडते, त्याचे काय करावे?

उत्तर (मालवण): डॉइचे वेलेच्याच संथ गतीने वाचलेल्या बातम्या मजकुरासह उतरवून ठेवता येतात, मात्र त्या बी१ झाल्यावरच ऐकाव्यात.