मदत हवी आहे : लाइक येतात, माणसं येत नाहीत

मंडळी, पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करणारी आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. इन्स्टावर रील टाकली की 'लई भारी'चा पाऊस, पण रविवारी घाटावर तीच ठरलेली डोकी. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांपुरती, त्यातही ज्यांनी आमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. ग्रुप काढावा तर दिवसभर गुड मॉर्निंगची फुलं. व्हॉट्सॲप चॅनेल कुणी चालवतंय का? लोक बघतात का?

दुसरं, देणगीसाठी रीलमध्ये यूपीआयचा क्यूआर दाखवतो. पण ज्या मोबाइलवर रील बघायची, त्यानंच स्कॅन कसा करणार? बायोत लिंक दिली तर ८०जी पावतीसाठी (देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी) पॅन कसा मागता? फॉर्मवर मागितला की लोक बिचकतात, आणि त्यांचं चूक नाही. गणपतीआधी हे बसवायचंय.