सेल मारण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडा

हिवाळाभर बंद ठेवलेली गाडी वसंतात पुन्हा कशी सुरू करायची, यावर "बॅटरी जोडा, टायरात हवा भरा, सेल मारा, झालं" असा सल्ला कुणीतरी दिलाय. बॅटरीचं पटलं, पण सेल मारण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघाच. आमची मियाटा (माझदाची छोटी, दोन सीटची उघड्या टपाची गाडी) इथे अमेरिकेत मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजात झाकलेली असते. दोन वर्षांपूर्वी डबा उघडला तर आत मूठभर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि कोपऱ्यात कागदाचे कपटे, कापूस असं काय काय जमवून केलेलं मऊ घरटं. बिया पक्ष्यांसाठी आणलेल्या, पिशवी मीच गाडीशेजारी ठेवलेली! उंदीरमामा गेले होते, पण जाताना एका वायरीचं आवरण सोलून गेले. आता गाडी ठेवताना उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल (लोखंडी तारेचा काथ्या) कोंबतो आणि वसंतात ते काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी चिकटवतो. (एकदा चिठ्ठीच विसरलो होतो, तो किस्सा नंतर कधीतरी.)

आणि ऊन पडलं म्हणून लगेच निघू नका. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीला गंजवतं आणि ते बर्फाबरोबर जात नाही, दोन-तीन दणदणीत पाऊस पडून ते धुऊन जाईपर्यंत मी गाडी बाहेर काढत नाही. शिवाय समर टायरचं (उन्हाळ्यासाठी बनवलेल्या टायरचं) रबर ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होतं, पकड राहत नाही. एप्रिलच्या सकाळी आमच्याकडे पारा बऱ्याचदा त्याच्याही खालीच असतो. पहिले दोन-चार ब्रेक खरखरले तर घाबरू नका, डिस्कवरचा वरवरचा गंज असतो तो.