सेदरच्या ताटातील पदार्थ आणि त्यांचे अर्थ : आपले अनुभव लिहा

पेसाह, म्हणजेच मराठी बायबलातील वल्हांडण, हा इस्राएल लोक मिसर (इजिप्त) देशाच्या गुलामीतून सुटले त्याची आठवण करणारा ज्यू लोकांचा सण. त्याच्या पहिल्या रात्री सेदरच्या, म्हणजे विधिपूर्वक केलेल्या जेवणाच्या, ताटात मांडलेल्या पदार्थांचा अर्थ आपल्याला कोणी आणि कसा सांगितला, ते येथे लिहावे. पाककृती दिली तरी चालेल, पण विषय अर्थाचा आहे.

ठाणे : आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरात १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादाची, म्हणजे सेदरला वाचायच्या पुस्तकाची, छायाप्रत आहे, तिच्यातील चित्रात साडी नेसलेल्या स्त्रिया मात्झा, म्हणजे बेखमीर भाकर, करताना दिसतात. मिसर देशातून घाईने निघताना कणीक फुगण्याइतकाही वेळ मिळाला नाही, हा त्या भाकरीचा अर्थ लहानपणीच कळला होता. हारोसेतचा मात्र कळेना. खजूर शिजवून, गाळून केलेला हा दाट गर म्हणजे गुलामांनी विटांसाठी तुडवलेला चिखल. मग तो ताटात सर्वांत गोड का, असे मी विचारले, तेव्हा आजोबांनी काहीही न बोलता एक कडू पान त्यात बुडवून माझ्या हातावर ठेवले. पुढे मीही माझ्या मुलीला तेच उत्तर दिले.

लोद, इस्राएल : आमचे शेजारी मूळचे पोलंडचे. त्यांच्याकडे मारोर, म्हणजे कडू भाजी, म्हणून किसलेले हॉर्सरॅडिश, म्हणजे एक झणझणीत मूळ, असते आणि पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी येते. आमच्याकडे साधी लेट्यूसची पाने असल्यामुळे आपण सवलत घेतो की काय, असे मला अनेक वर्षे वाटत होते. परंतु मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातील कडू भाज्यांच्या यादीत पहिले नाव लेट्यूसचेच मानले जाते, आणि तालमूद हा त्यावरील चर्चेचा ग्रंथ म्हणतो की मारोर जसा आरंभी मऊ व शेवटी कठीण, तसेच मिसरी लोक इस्राएलांशी वागले. कुंडीतले लेट्यूस जून होऊन कडवट झाले, तेव्हा ते मला खरे पटले.

पुणे : मी ज्यू नाही, एकदाच पाहुणी म्हणून गेले होते. ताटातले भाजलेले हाड कोणीच उचलले नाही, कारण ते वल्हांडणाच्या कोकराच्या बळीची केवळ आठवण आहे आणि जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पाडले गेल्यापासून ज्यू लोकांत तो बळी दिलाच जात नाही. मी नेलेला श्रीखंडाचा डबाही तसाच राहिला. मटणाच्या जेवणानंतर दुधाचे चालत नाही, हे यजमानीणबाईंनी मला दुसऱ्या दिवशी फोनवर हसत सांगितले.