चादरीवरची चूक उभी की तुटक?

जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणायची यंत्रणा, ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालते. पुठ्ठ्याला भोक असलं की धागा खाली राहतो, असा एक समज आहे. नेमकं उलटं आहे. भोकातून सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो, सुरी (हूक उचलणारी पट्टी) त्याला उचलते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक सुरीवरून सुटतो आणि धागा खालीच. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेकीला एक पुठ्ठा. म्हणून सोलापुरी चादरीच्या साध्या वेलबुट्टीलाही पुठ्ठ्यांची लांबलचक माळ लागते.

चूक शोधायची तर चादर पसरून बघा. लांबीभर सलग उभी रेघ असेल तर दोष सुई, हूक किंवा हुकाला धागा जोडणाऱ्या दोरीत. तीच चूक ठरावीक अंतराने, नक्षी पुन्हा सुरू झाली की त्याच जागी दिसत असेल तर एखादा पुठ्ठा फाटलाय किंवा भोक चुकलंय. पावसाळ्यात कागदी पुठ्ठा दमट हवेने फुगतो, भोकं सुयांसमोरून सरकतात आणि मग चुका कुठेही उगवतात. माग सैल झालाय म्हणून उगाच नट आवळत बसू नका, आधी पुठ्ठे वाळवा. प्लॅस्टिकच्या पुठ्ठ्यांना हा त्रास नाही.