आयटीपीत (शरीरच आपल्या प्लेटलेट मारते तो आजार) कोणत्या लेकराला औषध लागू पडेल हे आधी सांगता येतं का? माझं मत: नाही, अन् डॉक्टरांनी ते तोंडावर सांगावं

आरूची आई
पोरगा 4 वर्षांचा. सर्दी-ताप होऊन दोन आठवडे झाले अन् अंगभर लाल ठिपके, पायावर निळे डाग. आपल्या नागपुरात पहिले डेंग्यूच आठवतो, पण टेस्ट निगेटिव्ह, प्लेटलेट 8 हजार. एक डॉक्टर म्हणाले आजच ॲडमिट करा, आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं औषध) देऊ, प्लेटलेट शंभर टक्के वाढतात. दुसऱ्यांनी तोंडात टॉर्च मारून पाहिलं, नाकातून-लघवीतून रक्त येते का विचारलं, स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिला अन् म्हणाले घरी न्या, लक्ष ठेवा. 8 हजारावर घरी! मी घरी आणलं खरं पण झोप नाही. माझा राग त्या शंभर टक्क्यावर आहे. कुठून आणला तो?

धंतोलीवाला
ताई, शंभर म्हटलं ते चूक, पण आयव्हीआयजीनं दहातल्या आठेक पोरांचे काउंट एक-दोन दिवसात वर येतात. याले अंदाज नाही तर काय म्हणायचं? डॉक्टरनं आकडा फुगवला, खोटं नाही बोलला.

लॅबमधला
दोन प्रश्नांची खिचडी होऊन राह्यली भाऊ. काउंट चढेल का हा एक, अन् आजार कायमचा जाईल का हा दुसरा. लहान वय, आधी व्हायरल, एकदम सुरुवात अशी बहुतेक पोरं तशीही सहा महिने-वर्षात बरी होतात. 10-11 च्या वरची पोरगी, डाग हळूहळू वाढत आलेले, तिथं रेंगाळायची शक्यता जास्त. पण हे शंभर पोरांबद्दल, समोरच्या एकाबद्दल नाही. अन् जे आपोआप बरं होणार होतं त्याले औषध दिलं की श्रेय बाटलीले.

धंतोलीवाला
मग हेही सांगा ना. नेदरलँड्सचा 2018 चा अभ्यास, दोनशेच्या वर मुलं, अर्ध्यांना आयव्हीआयजी अन् अर्ध्यांवर नुसतं लक्ष. जास्तीचा रक्तस्राव नुसत्या लक्षवाल्यांत 9 टक्के, आयव्हीआयजीवाल्यांत 1. घरी न्या म्हणणं सोपं आहे.

लॅबमधला
त्याच अभ्यासात सहा महिन्यांनंतर आजार राहिलेले आयव्हीआयजीवाल्यांत 18.6 टक्के, नुसत्या लक्षवाल्यांत 28.9, अन् हा फरक खात्रीनं धरता येईल इतका नाही. 2019 च्या अमेरिकन हेमॅटॉलॉजीवाल्यांच्या सूचनेत तर रक्तस्राव नाही किंवा किरकोळ आहे तर काउंट कितीही असो, लक्ष ठेवा असंच आहे. आयव्हीआयजीऐवजी स्टिरॉइड देतात, त्याची घाई तर नकोच, आधी स्मिअर नीट पाहा, नाहीतर स्टिरॉइडनं ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झाकल्या जाते.

पपई काका
पपईच्या पानाचा रस द्या, आमच्या भाच्याचे दोन दिवसात लाख झाले.

धंतोलीवाला
भाच्याले डेंग्यू होता का काका? डेंग्यूत ते तसेही चढतात.

काटोलची मावशी
तुमचं दोघांचं चालू द्या. आमच्या पुतणीला हेच झालं होतं. रात्री 2 वाजता नाक फुटलं, थांबेना, अन् गाडी शोधण्यातच अर्धा तास गेला, मग नागपूर. घरी न्या म्हणणाऱ्यानं आधी घर कुठं आहे ते तर विचारावं! नागपुरातल्या बजाजनगरचं लेकरू अन् दूर काटोलचं लेकरू, काउंट सारखा असला तरी निर्णय सारखा कसा?

लॅबमधला
मावशी, हे मात्र पटलं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

धंतोलीवाला
म्हणजे दुरून आलेल्याला दिलेलं औषध चूक नाही. मान्य करा बरं.

लॅबमधला
औषध चूक कोण म्हणते? लागू पडेलच अशी गॅरंटी देणं चूक. डोक्यात रक्तस्राव होणारी मुलं शंभरात एकाहून कमी असतात, पण ती कोणती हे काउंटवरून आधी ओळखता येत नाही, म्हणून तर आईबापाले घाबरवणं सोपं जाते.

आरूची आई
आज दहावा दिवस, 34 हजार. औषध काहीच नाही. काका, श्रेय घेऊ नका, तुमच्या रसाचा एकच घोट दिला होता, तो त्याने सोफ्यावर थुंकला. अन् धंतोलीवाले भाऊ, मी काटोलला राहत असते तर त्याच दिवशी ॲडमिट केलं असतं. सोमवारी परत सीबीसी (रक्ततपासणी) आहे. तोवर सायकल कुलपात, घरभर रडारड चालू आहे.