अनुभव धागा: 'काही होणार नाही' म्हणणारी, तरी न थांबणारी माणसं

जुईचा वेल
पुतणीने सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला नाव दिलं. चंद्रपूरकडची, तरुणांची श्रमदानाची, बाबा आमटे यांनी १९६७ साली सुरू केलेली, मे महिन्यातली. जेवताना तिने सांगितलं तर आमचे बाबा म्हणाले, "जा हो, पण त्याने काही होणार नाही." पोरीचा चेहराच उतरला.

मला मात्र बाबांचं १९७७ आठवत राहिलं. आणीबाणीत पत्रकं वाटली म्हणून नाशिकरोडला तुरुंगात होते. सुटल्यावर मार्चच्या निवडणुकीत सायकलवर गावोगाव प्रचार. रायबरेलीत इंदिराबाई हरल्या तेव्हा घरात साखर वाटली, असं आई सांगते. आणि मग जुलै १९७९ मध्ये तेच जनता पक्षाचं सरकार आपसांत भांडून पडलं, जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई परत आल्या. बाबांनी काही महिने पेपर वाचायचं सोडलं होतं. "काही होणार नाही" हे तेव्हापासूनचं.

पण हाच माणूस आजही ग्रामसभेत शेवटपर्यंत बसतो. पाणी योजनेचा हिशेब मिळेना तेव्हा माहिती अधिकारात अर्ज त्यांनीच टाकला, अपिलातही गेले. मला वाटतं ज्याने फार मोठं काही मागितलं होतं तोच इतका कडवट होतो. ज्याने काहीच मागितलं नाही तो मजेत असतो. तुमच्या घरात, ओळखीत अशी माणसं आहेत का? तुम्ही स्वतः तसे आहात का? लिहा ना.

उसाचं रान
बाबांना नमस्कार सांगा. पुतणीला सांगा टोपी, मोठा सुती रुमाल आणि ओआरएसची पाकिटं न्यायची. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन आहे ते. बाकीचं रात्री लिहितो, दूध घालायची वेळ झाली.

तिसरी घंटा
मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. आमचे वडील पूर्णवेळ कार्यकर्ते. संघटनेचं मानधन कधी यायचं कधी नाही. आई शिवणकाम करायची. आमच्या फिया, आजीचं औषध, बैठकीला आलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक, सगळं त्या मशीनवर. वडील जगाबद्दल कायम आशावादी. पुढच्या पाच वर्षांत चित्र बदलेल म्हणायचे, आणि दर पाच वर्षांनी तेच म्हणायचे. आई कधी काही बोलली नाही, पण तिचा कशावर विश्वास नव्हता. डब्यात नोटा लपवून ठेवायची, आम्हाला म्हणायची, "आपलं आपण बघायचं." त्यांचा आदर्शवाद तिच्या निराशेवर चालायचा हे मला लग्नानंतर कळलं. वडिलांच्या सत्काराला गाव लोटला. आईला शाल सुद्धा नव्हती, मागच्या खुर्चीवर बसली होती. म्हणून कुणी "किती ध्येयवादी माणूस" म्हणालं की मी आधी विचारते, घर कोण चालवतं?

जुईचा वेल
तिसरी घंटा, राग कसला. आमच्या आईनेही बाबा आत असताना शेती एकटीने ओढली, आणि मी वर तिच्याबद्दल एक ओळ लिहिली, तीही साखरेपुरती. आई आहेत ना तुमच्या?

तिसरी घंटा
आहे. आता मशीन मी चालवू देत नाही, तरी दुपारी गुपचूप बसतेच :)

गोदाकाठी
१९७८ चा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून लिहितो. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आमच्या दलित वस्त्या पेटल्या. आमचं घर गेलं. चुलते तेव्हा विशीतले. ते कुठल्याही मोर्चाला निघताना म्हणायचे, "हे सहजासहजी देणार नाहीत." आणि निघायचे. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही नामविस्तार म्हणून, मराठवाडा शब्द ठेवून. साडेपंधरा वर्षं लागली. शेजारच्यांनी पेढे आणले तेव्हा चुलते म्हणाले, "हे ज्यांनी जीव दिला त्यांच्या घरी आधी न्या."

धाग्याच्या मूळ मुद्द्याबद्दल इतकंच म्हणतो, की भ्रमनिरास व्हायला आधी भ्रम लागतो. सरकार आपलं आहे, समाज आपला आहे असं ज्यांना वाटत आलं त्यांना तो धक्का बसतो. आमच्या घरात तसं कुणाला कधी वाटलंच नाही. समोरच्याकडून अपेक्षा शून्य आणि मागणी मात्र पूर्ण, असंच आम्ही वाढलो. त्यामुळे चुलत्यांना निराश म्हणावं की आदर्शवादी, मला सांगता येणार नाही. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जातात. गुडघे दुखतात तरी.

जुईचा वेल
हे वाचून थांबले. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." एवढंच.

मेळघाटची आशा
कामात आहे, घाईत लिहिते. मी खरोखरची आशा, आशा वर्कर. आम्हाला बाळंतिणीच्या घरी जावं लागते, दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिला दिवस पण. वजन, ताप, अंगावर पिते का, बाळ गार तर नाही पडलं. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावच्या बायांना शिकवून ३९ गावांत हे करून दाखवलं, १९९९ मध्ये परदेशातल्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, मग २०११ पासून देशभर आशांकडे आलं. ट्रेनिंगला हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता माझा अनुभव. मी प्रत्येक वेळी धरून चालते की गाडी येणार नाही, फोनला रेंज नसेल, नाल्याला पूर असेल. म्हणून आठव्या महिन्यातच जीपवाल्याला सांगून ठेवते, सासूला सांगून ठेवते, पलीकडच्या गावच्या आशाला सांगून ठेवते. नवीन पोरी म्हणतात ताई तुम्ही किती वाईटच विचार करता. वाईट विचार करते म्हणून तर बाळ हाती लागते. ज्या दिवशी वाटेल की होईल सगळं नीट, त्या दिवशी मी हे काम सोडेन.

उसाचं रान
ताई, हे वाचून सलाम. मी जे लिहिणार होतो ते राहू दे, याच्यापुढे काही नाही. मोबदला वेळेवर मिळतो का हो?

मेळघाटची आशा
मोबदला थकते. पण ते आंदोलनाच्या धाग्यावर लिहू.

अक्षरवेल्हाळ
र. धों. कर्वे कसे कुणाला आठवले नाहीत? १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, १९५३ मध्ये वारले तोपर्यंत, पदरचे पैसे घालून. खटले झाले, दंड भरला. त्यांचं लेखन वाचताना लोक सुधारतील असा भाबडेपणा मला कुठेच दिसत नाही, उलट लोकांच्या ढोंगाबद्दल ते फार कठोर आहेत. तरी अंक दर महिन्याला निघाला. आणि तिसरी घंटा यांच्या मुद्द्याला धरून, त्यांच्या पत्नी मालतीबाई नसत्या तर हे कसं निभावलं असतं?

तिसरी घंटा
मालतीबाईंचं नाव घेतलंत, बरं वाटलं.

पेठेतली अभ्यासिका
मी वयाने लहान आहे इथे. स्पर्धा परीक्षा देतोय. आलो तेव्हा खरंच वाटायचं तहसीलदार होऊन तालुका बदलू. आता फक्त पोस्ट हवी, कुठलीही. घरी जमीन विकायचं बोलणं चाललंय. तुमच्या सगळ्यांकडे निदान ७७, ७८ आहे. माझ्याकडे आशा सोडण्यासारखंही काही घडलं नाही, नुसतीच कमी होत गेली.

गोदाकाठी
भावा, जमिनीचं बोलणं आधी थांबव. वडिलांशी स्पष्ट बोल, वाटलं तर मी बोलतो. निरोप पाठव, नंबर देतो. जेवतोस का नीट? मेस कुठे लावलीस?

पेठेतली अभ्यासिका
एक वेळ मेस, एक वेळ पोहे.

मेळघाटची आशा
एक वेळ पोहे नाही चालणार. रोज एक अंडं आणि मूठभर शेंगदाणे खा, स्वस्त पडते. आणि तालुका बदलायचं सोडू नको रे, आम्हाला बरा तहसीलदार पाहिजे. नाल्यावरचा पूल अजून व्हायचा आहे.