मदत हवी आहे: 'म्हाळसा' नावाचा अर्थ आणि मूळ

नमस्कार मंडळी. भाचीच्या बारशासाठी पणजीचं नाव 'म्हाळसा' ठेवायचं आमच्या मनात आहे. हल्ली हे नाव कुणाच्या लेकीचं ऐकू येत नाही, म्हणून तर जास्तच आवडलंय. पण सासरची मंडळी अर्थ विचारतात, आणि नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा सगळ्यांना ठाऊक आहे: नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, पार्वतीचा अवतार, पौष पौर्णिमेला सातारा जिल्ह्यातल्या पालीत लग्न. पण गोव्यात म्हार्दोळला म्हाळसा नारायणी आहे, ती विष्णूचं मोहिनीरूप! नेवाशातही मोहिनीराजाचं देऊळ आहेच आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटी तिथल्याच दैवताचं 'श्रीमहालया' हे नाव येतं. मला तर हा नेवाशाचा धागाच सगळ्यात मोलाचा वाटतो.

'महालया'चंच पुढे 'म्हाळसा' झालं का? की मूळ कानडी आहे? जुन्या मराठीचे, कानडीचे जाणकार असाल तर कृपया सांगा. कुणाच्या घरी, कुळाचारात किंवा जुन्या वंशावळीत हे नाव असेल तर गाव आणि कुलदैवतही कळवा. बारसं पुढच्या आठवड्यात आहे.